उशिरा आलेल्यालाही जागा

सहाव्या शतकात इटलीतल्या मोंते कॅसिनोच्या मठात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी ७३ प्रकरणांची नियमावली लिहिली. प्रार्थना, अंगमेहनत, वाचन, झोप या सगळ्यांच्या वेळा तीत ठरलेल्या आहेत. खाण्यापिण्याचेही माप आहे. काम जड असेल तर हे माप वाढवायची मुभा.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते ४३वे प्रकरण. उत्तररात्रीच्या प्रार्थनेला उशीर झालेल्याने सर्वांच्या शेवटी उभे राहायचे, पण आत यायचेच. बाहेर राहिला तर तो पुन्हा झोपेल, नाहीतर गप्पा मारत बसेल. त्याच्यासाठी सुरुवातीचे स्तोत्रही संथपणे म्हणायचे! एकदा चुकलेला माणूस पुढचेही सोडून देतो, हे बेनेडिक्ट ओळखून होते. उपवासकाळातला नेम मोडलेल्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे.