शिकाऊ मुलगा ठेवताय? आधी करारपत्र!

“घरी बसून काय करणार? तुमच्या वर्कशॉपमध्ये येऊ द्या, काम तरी शिकेल.” ओळखीच्या मालकाकडे असा शब्द टाकला जातो आणि मुलगा दुसऱ्या दिवसापासून जाऊ लागतो. कागद नाही, पगार नाही. मालक चहापाण्याला देईल तेवढेच.

आमच्या नात्यातल्या एका मुलाचे असेच झाले. ड्रिलमध्ये त्याचे बोट सापडले. मालक काही वाईट माणूस नव्हता. दवाखान्याचे बिल त्यानेच भरले. पण मुलगा महिनाभर घरी बसला आणि भरपाईचा विषय निघाला, तेव्हा “तो आमच्याकडे कामाला नव्हताच” असे उत्तर आले. तो तिथे होता हे सांगणारा एक चिटोराही कोणाजवळ नव्हता.

खरे तर याची सोय १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात आहे. मालक आणि उमेदवार यांच्यात लेखी करार व्हायला हवा. उमेदवार अज्ञान असेल तर त्याच्या वतीने पालक करार करतात. कराराची नोंद सरकारी पोर्टलवर करायची असते. वयाची अट किमान १४ वर्षे, धोकादायक उद्योगात १८. प्रशिक्षण चालू असताना अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते.

शिकाऊ उमेदवार हा कायद्याने कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी. त्यामुळे पगाराऐवजी विद्यावेतन मिळते. २०१९ च्या नियमांत त्याची किमान रक्कम शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० रुपये ठरवण्यात आली. (करार करताना चालू दर विचारून घ्यावा, हे उत्तम.) नगामागे पैसे देऊन त्याच्याकडून काम करून घेता येत नाही. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइमही नाही. “ऑर्डर आली आहे, आज जरा उशिरा जा” हे आपल्याकडे इतके सर्रास चालते, की त्यात काही चुकते आहे असे कोणाच्या मनातही येत नाही!

ज्यांच्याकडे ३० किंवा अधिक माणसे आहेत, त्यांना उमेदवार घेणे बंधनकारकच आहे. कंत्राटी माणसे धरून एकूण संख्येच्या अडीच ते १५ टक्के. म्हणजे ४० जणांच्या कारखान्यात एक ते सहा. ४ ते २९ माणसे असतील तर घेणे ऐच्छिक.

“एवढा खर्च कोण करणार?” असे छोटे मालक म्हणतात. त्यांच्यासाठी २०१६ मध्ये राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना सुरू झाली. तिच्यात किमान विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, सरकार उचलते. म्हणजे वर्षाला १८,००० रुपयांपर्यंत भार हलका होतो. अर्थात, नोंद केलेली असेल तरच.

पालकांनीही एक गोष्ट समजून घ्यावी. उमेदवारी संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे, असे कायदा म्हणत नाही. भरतीचे धोरण मालकाने स्वतः ठरवायचे असते. तेव्हा पहिल्याच दिवशी ते विचारावे. शेवटी परीक्षा कोणती, प्रमाणपत्र कोणाच्या सहीचे, हेही विचारावे. मालकाच्या लेटरहेडवरचे “काम समाधानकारक आहे” एवढे दोन ओळींचे पत्र पुढच्या दारात फारसे उपयोगी पडत नाही.

आमच्या त्या मुलाचे बोट बरे झाले. आता तो दुसऱ्या कारखान्यात उमेदवारी करतो. या वेळी करारावर सही करण्यापूर्वी त्याच्या आईने तो दोनदा वाचून घेतला.