औषधांना सूट होती, तरी इराण का होरपळला?

इराणमध्ये करोनाने थैमान घातले तेव्हा औषधे आणि वैद्यकीय साहित्य निर्बंधांतून वगळलेले आहे, असे अमेरिका सांगत होती. कागदावर ते खरेच होते. पण औषधाचे पैसे शेवटी बँकेतूनच चुकते करावे लागतात, आणि 2018 मध्ये इराणसोबतच्या अणुकरारातून बाहेर पडल्यावर अमेरिकेने इराणच्या बँकांची नाकेबंदी केली होती. आपल्यालाही दंड होईल या धास्तीने परदेशी बँका सूट असलेल्या मालाच्या व्यवहारातही हात घालेनात. त्यावर तोडगा म्हणून युरोपीय देशांनी 2019 च्या जानेवारीत ‘इन्स्टेक्स’ ही पैसे चुकते करण्याची यंत्रणा उभारली, पण तिच्यातून वैद्यकीय साहित्याचा पहिला व्यवहार पार पडायला मार्च 2020 ची अखेर उजाडली. तोवर साथ देशभर पसरली होती.

मग सारे खापर निर्बंधांवर फोडायचे का? इराणी राज्यकर्त्यांनी ते फोडले, आणि तोही तितकाच घातक गैरसमज आहे. पहिल्या मृत्यूंची कबुली आली 19 फेब्रुवारी 2020 ला, संसदेच्या निवडणुकीच्या दोन दिवस आधी. कोमच्या खासदाराने आपल्या शहरात पन्नास माणसे दगावल्याचे सांगितले, तेव्हा उपआरोग्यमंत्री इराज हरिर्ची यांनी पत्रकारांसमोर कपाळावरचा घाम टिपत तो आकडा फेटाळला. याच्या पाव मृत्यू जरी झाले असले तरी राजीनामा देईन, असेही ते म्हणाले. दुसऱ्याच दिवशी त्यांना स्वतःला लागण झाल्याचे जाहीर झाले. आजाराकडे शत्रूची चाल म्हणून पाहणे हे यामागचे मूळ दुखणे. मार्चमध्ये ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’चे पथक इस्फहानमध्ये रुग्णालय उभारायला आले असताना परवानगी रद्द झाली. जानेवारी 2021 मध्ये सर्वोच्च नेते खामेनी यांनी अमेरिकी आणि ब्रिटिश लशींवर बंदी घातली. त्या ऑगस्टमध्ये एका दिवसात सातशेहून अधिक मृत्यूंची नोंद झाली. लस मिळण्यात पैशांच्या अडचणी होत्या, हा आक्षेप रास्त आहे. मात्र निर्बंध तसेच असताना पुढच्या काही महिन्यांत चिनी लशींचे कोट्यवधी डोस देशात आले. म्हणजे निर्णयाला वाव होता.

साथ आणि निर्बंध मिळून राजवट खिळखिळी करतील, हा अंदाजही फसला. उलट बळ वाढले ते राजवटीच्या रिव्होल्युशनरी गार्ड्स या सशस्त्र दलाचे. जंतुनाशक फवारणीपासून तपासणीपर्यंत ते सगळीकडे पुढे आले, आणि 22 एप्रिल 2020 ला, साथ सुरू असताना, त्यांनी लष्करी उपग्रहही सोडला. देशी लस तयार करण्याचे मोठे काम खामेनींच्या अखत्यारीतल्या ‘सेताद’ या संस्थेकडे गेले. खचला तो लोकांचा विश्वास. 2020 च्या संसदीय निवडणुकीत मतदान जेमतेम 42.57 टक्के झाले. खामेनींनी त्याचा दोष शत्रूंनी पसरवलेल्या आजाराच्या भीतीला दिला, पण उमेदवारांची मोठ्या प्रमाणावर झालेली अपात्रता आणि जानेवारीत युक्रेनचे प्रवासी विमान पाडल्यावर तीन दिवस केलेला इन्कार यांचा उल्लेख त्यांनी टाळला. 2021 च्या अध्यक्षीय निवडणुकीतही निम्म्याहून कमी मतदार बाहेर पडले. दोन्ही वेळा कट्टरपंथीयच जिंकले.