‘ब्लॅकमेल’मधला मेल टपालाचा नव्हे!
मैत्रिणींनो, ‘तुझे फोटो घरी दाखवीन’ असं धमकावून पैसे उकळणाऱ्याला आपण ब्लॅकमेलर म्हणतो. पण यातला ‘मेल’ टपालाचा नव्हे बरं का! स्कॉटलंडच्या जुन्या बोलीत मेल म्हणजे खंड. १६ व्या शतकात तिथल्या सरहद्दीवरच्या लुटारू टोळ्या शेतकऱ्यांना बजावत, ‘खंड द्या, नाहीतर गुरं गेलीच म्हणून समजा.’ हाच तो काळा खंड. गुपित फोडण्याच्या धमकीचा अर्थ त्याला पुढे १९ व्या शतकात चिकटला. आणि खंड एकदा देऊन सुटका थोडीच होते? म्हणून पहिला पैसासुद्धा देऊ नका. चिठ्ठ्या, मेसेज रागाच्या भरात नाहीसे करू नका, तोच पुरावा. विश्वासाच्या माणसाला सोबत घेऊन सरळ पोलिसांत जा. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८ खंडणीसाठीच आहे. तक्रार देताना तेवढा आकडा लक्षात असू द्या.