सिलिंडर घराबाहेर पडला, पहारा घरातच राहिला

१९५० च्या दशकात बर्मा शेल कंपनीने मुंबईत 'बर्शेन' या नावाने स्वयंपाकाचा गॅस आणला. १९६५ मध्ये सरकारी कंपनीचा इंडेन गॅस आला, सत्तरच्या दशकात परदेशी तेल कंपन्या सरकारच्या ताब्यात आल्या आणि २०१६ च्या उज्ज्वला योजनेने लाल सिलिंडर वाडीवस्तीवरच्या चुलीशेजारी नेऊन ठेवला. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील मालगुंडपर्यंत आलेल्या या प्रवासात गॅसबद्दलची भीती ओसरली, आणि त्याचे श्रेय एकट्या पोलादी टाकीला देता येत नाही. टाकीभोवती हळूहळू एक पहारा उभा राहिला: दाब आवरणारा रेग्युलेटर, आत तारेची जाळी असलेली आणि पाच वर्षांनी बदलायची नारिंगी नळी, वितरकाच्या मेकॅनिकची तपासणी, गळतीसाठी १९०६ हा क्रमांक, आणि मुळात बिनवासाच्या गॅसला मुद्दाम दिलेला उग्र वास. मात्र सिलिंडर ओट्याखाली उभा असेल, जागचा हलणार नाही आणि जवळ खिडकी असेल, हे या साऱ्या व्यवस्थेने धरून चालले होते.

आता हे गृहीतक मोडते आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. गणपतीपुळे-मालगुंडचा किनारा अशा गाड्यांच्या मुक्कामाला सोयीचा आहेच. शिवाय टेम्पोत शेगडी-सिलिंडर टाकून आचाऱ्यासह देवदर्शनाला निघण्याची रीत धोरणाच्या कितीतरी आधीची. घरात जी गळती खिडकीवाटे निभावते, ती गाडीत का निभावत नाही? गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असल्याने जमिनीलगत साचतो, आणि गाडीच्या बंद, अरुंद जागेत त्याला विरायला वाव नसतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण दोन टक्के झाले की ठिणगी पुरते. बारा घनमीटरच्या गाडीत सर्वत्र तेवढे प्रमाण व्हायला सुमारे अर्धा किलो गॅस लागतो. तळाशी थर साचला तर त्याहून कमी. त्यात घाटरस्त्याच्या हादऱ्यांनी सांधे सैल होतात आणि खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजते. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या पर्यटकांच्या रेल्वे डब्यात लपवून नेलेल्या सिलिंडरवर चहा करताना आग लागली आणि नऊ जण दगावले. तो डबा म्हणजे चाकांवरचे स्वयंपाकघरच होते.

यावर पहिला आक्षेप असा, की कोट्यवधी घरांत रोज गॅस पेटतो, मग एवढी भीती कशाला? पण घरांचा अनुभव पहाऱ्यासकटचा आहे; पहारा वगळून तो गाडीला लावता येत नाही. दुसरा आक्षेप वासाचा. गळती झाली तर कळेलच, असे म्हणतात. हा वास किती उग्र असतो हे डिसेंबर २०२४ मध्ये जवळच्या जयगड परिसराने अनुभवले. गॅसला वास देणारे गंधद्रव्य हवेत पसरून शाळकरी मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. तरीही नाक वासाला लवकर सरावते, आणि गाढ झोपलेल्याला वास जागे करीलच असे नाही. पावसात काचा लावून शेगडी चालवली तर तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गॅस हवाच कशाला, विजेची शेगडी वापरा. जिथे मुक्कामावर जोडणी मिळते तिथे हे रास्तच. पण जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर उत्तर रत्नागिरीतली गावे कित्येक दिवस अंधारात होती. किनाऱ्यावर विजेचा भरवसा धरून गॅसची शिस्त सोडता येणार नाही.

म्हणून पहारा गाडीसोबत निघाला पाहिजे. सिलिंडर उभा आणि घट्ट बांधलेला असावा. त्याचा कप्पा राहत्या भागापासून बंद, पण तळाशी बाहेर उघडणारे भोक असलेला असावा. गाडी चालू असताना सिलिंडर बंद ठेवावा. टाकी बदलल्यावर आणि खराब रस्ता ओलांडल्यावर सांधे साबणाच्या फेसाने तपासावेत, काडी पेटवून कधीच नाही. गॅसगळतीचा इशारा देणारा सूचक जमिनीलगत बसवावा, कार्बन मोनॉक्साइडचा झोपण्याच्या उंचीला. घरगुती सिलिंडर घरच्या चुलीसाठीच असतो; प्रवासाला पाच किलोची सुटी टाकी रीतसर मिळते. आणि गाड्यांना मुक्कामाची जागा देणाऱ्यांनी पार्किंगचे पैसे घेण्याआधी नळीवरची तारीख पाहावी.