लोधी रोडवरून सुटणारं जहाज

दिल्लीच्या लोधी रोडवर, हवामान खात्याच्या मौसम भवनाला लागूनच, पृथ्वी भवन उभं आहे. इथल्या कुठल्याच खिडकीतून समुद्र दिसायचा नाही. तरी देशाच्या बहुतेक मोठ्या संशोधन जहाजांचं बारसं आणि निवृत्ती पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या याच इमारतीतल्या फायलींवर ठरते. त्यांतली सर्वांत जाड फाईल बहुधा ‘सागर कन्या’ची असावी.

साठच्या दशकात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम निघाली, तेव्हा आपल्याकडे खास संशोधनासाठी बांधलेलं मोठं जहाज नव्हतं. नौदलाची ‘किस्तना’, केरळ विद्यापीठाची ‘काँच’, भारत-नॉर्वे प्रकल्पाची ‘वरुणा’ अशी जमवाजमव झाली. त्या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मली. तिचं बिऱ्हाड सुरुवातीला दिल्लीतच होतं, गोव्यातलं दोनापावला नंतरचं. पुढे दहा वर्षांनी संस्थेला ‘गवेषणी’ मिळाली. तीही मुळात गाळ वाहण्याच्या बार्जचा सांगाडा, त्यावर प्रयोगशाळा चढवलेल्या. पण २६ जानेवारी १९८१ रोजी याच जहाजाने समुद्रतळावरचे बहुधात्विक गोटे वर काढले. मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट असलेल्या त्या बटाट्याएवढ्या गोट्यांनी दिल्लीला एकदम जाग आणली. त्याच वर्षी महासागर विकास विभाग स्थापन झाला, आणि १९८७ मध्ये भारताला मध्य हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटर तळाच्या सर्वेक्षणाचा हक्क मिळाला.

तेवढा तळ जुगाडू बार्जवर धुंडाळणं कठीणच होतं. ‘सागर कन्या’ १९८३ साली पश्चिम जर्मनीत ट्राव्हेम्युंडेच्या श्लिश्टिंग गोदीत बांधली गेली. लांबी शंभर मीटरच्या किंचित वर, डिझेलवर वीज करून त्या विजेवर चालणारी. तिच्या तळाला पुढे मल्टिबीम सोनार बसलं. ध्वनीच्या अनेक किरणांनी खालच्या तळाची रुंद पट्टी एका फेरीत मोजणारं हे यंत्र. गोट्यांच्या क्षेत्राचे नकाशे त्यातून तयार झाले. १९९९ मध्ये हेच जहाज आधी ‘इंडोएक्स’ मोहिमेत प्रदूषित हवेचा माग काढत होतं, आणि पावसाळ्यात बंगालच्या उपसागरात मान्सून जिथे जन्मतो तिथे ठाण मांडून मोजमापं घेत होतं. नोएडातल्या मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्राच्या महासंगणकाला पोसायला अशीच समुद्रावरची मोजमापं लागतात. जिथे नोंदी विरळ, तिथे गणितही चाचपडतं.

मग असं जहाज म्हातारं होतं म्हणजे नेमकं काय होतं? पत्रा गंजतो, तो बदलता येतो. खरं दुखणं आतलं. इंजिनाची थरथर वाढली की तिचा आवाज पाण्यात उतरतो आणि सोनारला तळाचा प्रतिध्वनी नीट ऐकू येत नाही. पाण्याचे नमुने घेणारा सांगाडा हजारो मीटर तारेवर खाली सोडायचा, तर विंच एकसारखी चालायला हवी आणि जहाज वाऱ्या-प्रवाहात एका जागी टिकायला हवं. नव्या जहाजांवर हे काम संगणक करतो, बाजूचे पंखे फिरवून जागा राखतो. दोराला बांधलेला रोबो तळाशी काम करत असेल तर ही सोय चैन राहत नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या आराखड्यात ती नंतर ठोकून बसवणं अवघड. सुटे भाग मागवावेत तर श्लिश्टिंग गोदी केव्हाच बंद पडली आहे. दुरुस्तीत गेलेला प्रत्येक महिना मोहिमेतून वजा होतो. मान्सून काही गोदीतल्या वेळापत्रकासाठी थांबत नाही.

१६ जुलै २०२४ रोजी गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने कोलकात्याच्या गार्डन रीच शिपबिल्डर्सशी नव्या जहाजाचा करार केला. किंमत ८४० कोटी रुपये, मुदत साडेतीन वर्षं, लांबी ८९.५ मीटर. म्हणजे ‘सागर कन्ये’हून आखूड. संशोधन जहाज लांबीवर मोजू नये, हे निदान या फायलीत कुणाला तरी उमगलं होतं. गार्डन रीचने नौदलाच्या ध्वनिसंशोधनासाठी ‘सागरध्वनी’ बांधली होती, १९९४ मध्ये ती सेवेत आली. हात अगदीच नवखे नाहीत.

माझी तक्रार किमतीबद्दल नाही, उशिराबद्दल आहे. किनाऱ्यालगतची ‘सागर पूर्वी’ आणि ‘सागर पश्चिमी’ ही जहाजं थकली, त्यांच्या जागी ‘सागर तारा’ आणि ‘सागर अन्वेषिका’ आल्या. लहान जहाजांबाबत जमलं ते मोठ्याबाबत चाळिशी उलटेपर्यंत लांबलं. ध्रुवीय जहाजाची कथा तर आणखी रखडलेली. पहिली अंटार्क्टिका मोहीम १९८१ च्या डिसेंबरात गोव्याहून निघाली ती नॉर्वेच्या भाड्याच्या ‘पोलर सर्कल’वर. २०१४ मध्ये मंत्रिमंडळाने स्वतःच्या ध्रुवीय जहाजासाठी १,०५१ कोटी मंजूर केले, पण निविदा बारगळली. जून २०२५ मध्ये गार्डन रीच आणि नॉर्वेच्या कोंग्सबर्ग यांच्यात अशा जहाजाच्या आराखड्यासाठी सामंजस्य करार झाला. ते जहाज येईपर्यंत दक्षिणेकडे जाणारे आपले शास्त्रज्ञ भाड्याच्याच डेकवर.