ट्रॅक्टरचे दोन ब्रेक आणि स्वीडनचा बर्फ

आमच्या देवळीत बर्फ पडत नाही. पडल्याच तर गारा, आणि त्याही वेचेपर्यंत विरघळतात! मग बर्फावर गाडी कशी चालते याच्याशी आपल्याला काय करायचंय? पण पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीतून मोटारीने गेलात का कधी? चाक गरगर फिरतं आणि गाडी जागची हलत नाही. हललीच, तर आडवी होते. बर्फावर थेट हेच होतं.

सगळा खेळ पकडीचा. ताशी ४० किलोमीटर वेगाच्या मोटारीला ब्रेक लागल्यापासून थांबायला कोरड्या डांबरावर साधारण ८ मीटर पुरतात. दबलेल्या बर्फावर लागतात ३० मीटर, आणि काचेसारख्या गुळगुळीत बर्फावर ६० च्या आसपास.

१९८९ च्या फेब्रुवारीत मर्सिडीजचा तरुण अभियंता फ्रांक-वेर्नर मोन उत्तर स्वीडनमध्ये चाचणीची गाडी चालवत होता. गाडी घसरली ती थेट रस्त्याकडेच्या खड्ड्यात! ओढून काढणारं वाहन येईपर्यंत करायचं काय? तो विचार करत बसला. चाक अडकून घसरायला लागलं की ब्रेकच्या यंत्रणेला ते कळतं. मग अख्खी गाडीच गिरकी घेतेय, हेही तिला कळलं तर? गिरकी मोजायला त्याने खेळण्यातल्या हेलिकॉप्टरचा जायरोस्कोप वापरून पाहिला. तो पडला संथ, म्हणून मग चक्क स्कड क्षेपणास्त्रातला मिळवला! १९९५ मध्ये ही यंत्रणा मर्सिडीजच्या विकाऊ गाडीत आली. तिचं नाव स्टॅबिलिटी कंट्रोल.

ती करते काय? स्टिअरिंग कुठे वळवलंय आणि गाडी खरोखर कुठे चाललीय, हे सेकंदाला सुमारे २५ वेळा ताडून बघते. दोन्हींचा मेळ बसला नाही, की चारांपैकी नेमक्या एखाद्या चाकाला ब्रेक लावते आणि इंजिनाचा जोरही कमी करते.

एकाच चाकाला ब्रेक लावून गाडी वळते? आपल्याकडे शेतात रोज वळते की! ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांसाठी ब्रेकचे दोन वेगळे पायडल असतात. धुऱ्यापाशी डावीकडे वळायचं असलं, की डावं दाबायचं. डावं चाक रेंगाळतं, उजवं पुढे धावतं आणि ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो. रस्त्यावर आल्यावर मात्र दोन्ही पायडल खटक्याने जोडून टाकतात, नाहीतर ट्रॅक्टर भलतीकडेच जाईल. मोटारीत हेच काम संगणक करतो, तेही चालकाने पायडलला पाय न लावता.

पण पकड वाढवणं या संगणकाच्या हातात नाही. बर्फावरचे ते ३० मीटर तीसच राहतात. गाडी निदान तोंड फिरवून खड्ड्यात जात नाही, एवढंच. आणि माझ्या मते तेही थोडकं नाही.

ही यंत्रणा तुमच्या गाडीत असली, तर समोर एक पिवळा दिवा असेल: गाडीचं चित्र आणि तिच्यामागे नागमोडी रेघा. तो लुकलुकला, की यंत्रणा कामाला लागलीय. बऱ्याच गाड्यांत याच चित्राचं बटणही असतं, ते यंत्रणा बंद करायला. सुरक्षेची वस्तू बंद कशाला करायची? कारण चिखलात किंवा बर्फात रुतलेल्या गाडीला बाहेर पडायला चाक थोडं फिरू द्यावं लागतं. यंत्रणेला वाटतं चाक घसरतंय, म्हणून ती इंजिनाचा जोरच काढून घेते. मग गाडी बसते तिथेच! बाहेर निघाल्यावर बटण पुन्हा दाबायचं. विसरलात, तरी बहुतेक गाड्या पुढच्या वेळी सुरू करताना यंत्रणा आपणहून चालू करतात.