आडवा पंप

वारणाकाठी ऊस आहे, आणि ऊस आहे म्हणून पंप आहेत. पन्हाळा तालुक्यातल्या कोडोलीपासून नदीकडे निघाले की जॅकवेल, मोटारीच्या खोल्या, शिवाराकडे चढत गेलेल्या पाइपलाइनी दिसू लागतात. इथल्या शेतकऱ्याला इम्पेलर, ग्लँड, फुटव्हॉल्व्ह आणि प्रायमिंग म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. मोटार पाणी का ओढत नाही, हे तो आवाजावरून सांगतो.

विजेवर चालणारा जेट सर्फबोर्ड समजून घ्यायला एवढे ज्ञान पुरते. माणूस एका फळीवर उभा राहतो, हातातल्या रिमोटची कळ दाबतो आणि लाट नसलेल्या पाण्यावरही सुसाट निघतो. स्वीडनमधल्या रॅडिन आणि अवेक या कंपन्यांनी असे बोर्ड बाजारात आणले. त्यांची किंमत कित्येक लाख रुपयांत जाते, म्हणून जगभरातले हौशी कारागीर ते घरच्या वर्कशॉपमध्येही बनवतात. फळीच्या पोटात नेमके काय असते? आडवा निजवलेला एक पंप. तळाच्या जाळीतून तो पाणी आत घेतो, इम्पेलर त्या पाण्याला जोर देतो, मागची स्थिर पाती त्याची गिरकी मोडतात आणि अरुंद नोझलमधून झोत मागे फेकला जातो. झोत मागे, फळी पुढे.

हिशेब मांडून पाहिला की हे यंत्र ओळखीचे वाटू लागते. नोझलचा व्यास ५ सेंटिमीटर आणि झोताचा वेग सेकंदाला १५ मीटर धरला, तर दर सेकंदाला सुमारे ३० लिटर पाणी बाहेर पडते. फळी जागेवर बांधून ठेवली असेल तेव्हा या झोताचा रेटा साधारण ४५ किलो भरतो. या झोतात जेवढी ऊर्जा असते तेवढ्यात तेच पाणी साडेअकरा मीटर उंच चढवता आले असते. पंपाची कार्यक्षमता ६० टक्के मानली, तर शाफ्टवर साडेपाच किलोवॅट, म्हणजे जवळपास साडेसात एचपी लागतात. नदीकाठच्या उपशाच्या मोटारींचीच ही जातकुळी. उंची आणि लिटर यांचा मेळ घालणारा शेतकरी इथे फक्त उंचीच्या जागी वेग ठेवतो.

फरक आहे तो वजनाचा आणि फेऱ्यांचा. शेतावरची इंडक्शन मोटार दोघांनी उचलावी लागते आणि मिनिटाला १,४४० किंवा २,९०० च्या आसपास फिरते. बोर्डमधली ब्रशलेस मोटार तेवढ्याच ताकदीला चार-पाच किलोंत बसते आणि मिनिटाला कित्येक हजार फेरे घेते. १९८०च्या दशकात आलेल्या निओडिमियम चुंबकांमुळे आणि लिथियम बॅटरीमुळे हे शक्य झाले. झोताने ढकलण्याची कल्पना मात्र फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये १६६१ मध्ये टूगूड आणि हेज यांनी तिचे पेटंट घेतले होते. अमेरिकेत जेम्स रम्सीने १७८७ मध्ये पोटोमॅक नदीवर वाफेच्या पंपाने पाणी मागे फेकत नाव चालवून दाखवली.

तिला खरे रूप दिले ते न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टन यांनी. शेतकरी आणि यंत्रकार असलेल्या हॅमिल्टन यांच्या घराजवळच्या नद्या उथळ, दगडगोट्यांच्या होत्या. खाली लोंबणारा प्रोपेलर तिथे टिकत नसे. १९५० च्या दशकात त्यांनी पंप बोटीच्या आत घेतला. सुरुवातीला झोत पाण्याखाली सोडला जात होता आणि वेग निराशाजनक होता. नोझल पाण्याच्या पातळीच्या किंचित वर आणल्यावर बोट पळू लागली. १९६० मध्ये या बोटी ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर गेल्या. १९७७ मध्ये एडमंड हिलरी अशाच जेट बोटी घेऊन गंगेच्या मुखापासून नंदप्रयागपर्यंत चढले. उथळ पाणी, गोटे आणि वाहता गाळ असलेल्या नदीसाठी हे यंत्र जन्माला आले आहे, ही गोष्ट वारणाकाठी बसून वाचताना महत्त्वाची वाटते.

कारण पंप ही या मुलखाची जुनी विद्या आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि १९१० मध्ये औंध संस्थानाच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. नांगरामागून तिथे पंप आले. २०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत मुले अडकली, तेव्हा पाणी उपसण्याच्या कामात सल्ला द्यायला किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ गेले होते. इकडे कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत ओतकाम आणि लेथ ही पिढ्यांची कामे आहेत. बाहेरचे यंत्र खोलून पाहायचे आणि मग आपले बनवायचे, ही इथली जुनी रीत. बाबूराव पेंटर यांनी चित्रपटाचा कॅमेराही कोल्हापुरातच बनवला होता.

अशा गावात जेट बोर्ड बनवायचा झाला तर अडेल कुठे? ओतकामात नाही. अडेल बारकाव्यात. इम्पेलरच्या पात्याचे टोक आणि भोवतालची नळी यांत एक मिलिमीटरहून कमी फट ठेवावी लागते. फट वाढली की दाबाखालचे पाणी टोकावरून मागे निसटते आणि रेटा घसरतो. फार कमी ठेवली तर वाळूचा एक कण शिरताच पाते घासते. त्रिमितीय छपाईयंत्रावर काढलेला प्लास्टिकचा इम्पेलर पहिल्या चाचणीला चालतो, पण गरम झाल्यावर फाकतो. ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेसचा इम्पेलर लेथवर साफ करून, तोल साधून बसवला तरच तो टिकतो. इथे उद्यमनगरचा कसबी टर्नर परदेशी हौशी कारागिराच्या फार पुढे आहे.

दुसरी अडचण पाण्याचीच. जॅकवेलची मोटार वर कोरड्या खोलीत असते. बोर्डमध्ये मोटार, तिचा वेग ठरवणारा कंट्रोलर आणि बॅटरी पाण्याच्या पातळीशी, आणि शाफ्ट मात्र थेट पाण्यात. शेतातल्या पंपाची ग्लँड थेंब-थेंब गळली तर चालते, किंबहुना गळावीच लागते. इथे एक थेंबही चालत नाही. म्हणून मेकॅनिकल सील, दोन ओळींत ओ-रिंग आणि झाकणाला गॅस्केट लागते. कंट्रोलर तापतो, त्याला थंड ठेवायला जेटच्याच दाबाचे थोडे पाणी बारीक नळीने फिरवून बाहेर सोडतात. ही नळी गाळाने तुंबली तर मोटारीच्या आधी कंट्रोलर जळतो.

फळी स्वतः तुलनेने सोपी. थर्माकोलच्या जातीच्या घट्ट फोमचा गाभा कापायचा, त्यावर काचतंतूचे कापड आणि इपॉक्सी चढवायचे. शंभर किलोंचा बोर्ड आणि स्वार तरंगत ठेवायला शंभर लिटर पाणी बाजूला सारावे लागते, हा आर्किमिडीजचा नियम. बोर्ड त्याहून लहान केला तर थांबलेला असताना तो स्वारासकट बुडतो. म्हणून स्वार आधी पालथा पडून वेग घेतो आणि फळी पाण्याच्या पाठीवर चढली की उभा राहतो. हा चढण्याचा क्षणच सगळ्यात महाग. तेव्हा शेपूट खोल जाते, विरोध वाढतो आणि लागणारी ताकद दुप्पट होऊ शकते. साडेसात एचपीचा हिशेब कागदावर बरोबर असूनही बहुतेक बोर्डांत दहा किलोवॅटच्या आसपास मोटार बसवतात, त्याचे कारण हे.

दहा किलोवॅट म्हणजे ५० व्होल्टला २०० अँपिअर. एवढा प्रवाह घरातल्या वायरिंगमध्ये कोणी पाहिलेला नसतो. दोन युनिटची बॅटरी पूर्ण जोरावर बारा मिनिटांत रिकामी होते. रस्त्यावरची विजेची स्कूटर तेवढ्याच विजेत कित्येक किलोमीटर जाते, कारण ती हवा कापते. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट आहे. पाण्याखालच्या पंखावर उचलला जाणारा ई-फॉइल हा विरोध टाळतो आणि दोन-अडीच किलोवॅटमध्ये तरंगत जातो. पण त्याचा खांब पाण्यात हाताभर खोल असतो. वारणेसारख्या नदीत एक खडक लागला की माणूस पुढे फेकला जाईल. इथे जेटच योग्य.

लिथियमच्या बाबतीत सावधगिरी बाळगावीच लागते. सेल एकमेकांना निकेलच्या पट्ट्यांनी जोडताना एक शॉर्ट पुरतो. प्रत्येक ओळीला फ्यूज, बॅटरीवर नजर ठेवणारे बीएमएस सर्किट, आणि चार्जिंग घराबाहेर, नजरेसमोर. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीचे वजन जास्त, पण ती पेटण्याचा धोका कमी. पहिल्यांदा बनवणाऱ्याने वजन सोसावे आणि हीच घ्यावी.

चाचणीची सुरुवात नदीत होत नाही. आधी मोटार-बॅटरीची रिकामी पेटी झाकण लावून, आत कोरडा कागद ठेवून रात्रभर बुडवायची. सकाळी कागद ओला निघाला तर पुढे जायचे नाही. मग शेततळ्यात किंवा मोठ्या हौदात फळी दोराने बांधून, दोराच्या मध्ये ताणकाटा लावून रेटा मोजायचा. जेट कोरडा फिरवायचा नाही, नाहीतर सील करपते. पंप कोरडा चालवण्याचा परिणाम इथे सगळ्यांना माहीत आहे. आवाज एकदम फाटला आणि फेरे वाढूनही रेटा पडला, तर पात्यांवर बुडबुडे धरत आहेत किंवा जाळीतून हवा शिरते आहे.

नदीतल्या चाचणीला कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यामागचा फुगवटा सोयीचा. पावसाळ्यानंतर बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, बसवले की पाणी थांबते, संथ आणि खोल होते. पण बंधाऱ्याच्या भिंतीजवळ फिरकायचे नाही. बरग्यांच्या फटींतून ओढणारे पाणी माणसाला सोडत नाही. कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात मगरींचा वावर आहे, म्हणून जागा स्थानिक मासेमारांना विचारूनच निवडायची. जलसंपदा विभाग आणि ग्रामपंचायत यांना आधी कळवायचे, काठावर दोर घेतलेला पोहणारा माणूस उभा ठेवायचा. रिमोटच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेते. हात बुडताच संपर्क तुटतो. तेव्हा मोटार आपोआप बंद पडलीच पाहिजे. शिवाय घोट्याला दोरीने बांधलेली चुंबकाची किल्ली असावी, पडल्यावर ती निघते आणि वीज तुटते. या दोन्ही गोष्टी जमिनीवर तपासल्याशिवाय कोणी फळीवर चढू नये.

एवढा खटाटोप केवळ हौसेसाठी करणेही वाईट नाही. पण या नद्यांच्या काठी त्याला आणखी एक कारण आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा नदी ५५ फुटांवर गेली; धोक्याची पातळी आहे ४३ फूट. पुणे-बेंगळुरू महामार्ग अनेक दिवस बंद राहिला. त्याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना बाहेर काढणारी, क्षमतेपेक्षा जास्त माणसे घेतलेली नाव उलटली आणि अनेक जण बुडाले. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा महापूर आला.

बुडणाऱ्या माणसापर्यंत पहिल्या काही मिनिटांत तरंगायचा आधार पोहोचवणे, हे छोट्या जेटला जमते. अमेरिकेतल्या हायड्रोनॅलिक्स कंपनीने बनवलेला ‘एमिली’ हा रिमोटवर चालणारा विजेचा तराफा याच तत्त्वावर धावतो. त्याची लांबी सव्वा मीटर, वजन अकरा-बारा किलो. बाहेर फिरणारे पाते नाही, म्हणून पाण्यातला माणूस त्याला बिनधास्त धरू शकतो. २०१६ मध्ये ग्रीसच्या लेस्वोस बेटाजवळ निर्वासितांना वाचवण्यासाठी तो वापरला गेला. स्वार नको, म्हणून फळी लहान, उभे राहणे नको, म्हणून मोटार निम्म्याहून कमी, बॅटरी हलकी. घरी जेट बोर्ड बनवलेल्या माणसाला हे यंत्र अवघड जाऊ नये.

अडचण आहे ती आपल्या पुराच्या पाण्याची. समुद्रातल्या पाण्यात पाचट नसते. इथे पुरात उसाची पाने, जलपर्णी, प्लास्टिक, ठिबकच्या नळ्या वाहत येतात. जाळीच्या सळया जवळ ठेवल्या तर ती क्षणात झाकली जाते, लांब ठेवल्या तर पाचट इम्पेलरला गुंडाळते. सुचणारे उपाय असे: सळया आडव्या न ठेवता धावण्याच्या दिशेने उभ्या, मागच्या टोकाला मोकळ्या, म्हणजे कचरा घसरून निघून जाईल, आणि मोटार काही क्षण उलटी फिरवून जाळी धुण्याची सोय. ब्रशलेस कंट्रोलरमध्ये उलट फिरवणे सहज जमते. कोणती जाळी किती वेळ तग धरते हे मात्र कागदावर ठरणार नाही. वारणानगरच्या तात्यासाहेब कोरे अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना त्यासाठी दूर जावे लागणार नाही: हौदात पाणी, त्यात मोजून टाकलेले पाचट आणि जलपर्णी, दोराला ताणकाटा, आणि प्रत्येक जाळीमागे रेटा किती मिनिटांनी निम्म्यावर येतो याची नोंद. गळीत हंगामात पाचटाची कमतरता नसते, आणि मेअखेरीस बंधाऱ्याचे बरगे काढेपर्यंत फुगवट्यात पुढची चाचणी घ्यायला पाणीही असते.